कमलमावशींचा डबा
परभणी, नोव्हेंबर १९९१, मंगळवार

आजही मशीन अडकलंच. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर माझा मॅट्रिक्सचा प्रोग्राम सकाळी नीट चालतो आणि दुपारी मेमरी संपली म्हणून बंद पडतो. आठवडाभर डोकं पिकलंय. दर गणिताला तो मेमरीत जागा मागून घेतो, पण ती परत करायची ओळ मी लिहिलेली आहे. मग जागा जाते कुठे?

चिडूनच घरी आलो. फळीवर शेजारच्या कमलमावशींचा पितळी डबा तसाच. आषाढात आई गेली, त्या दिवशी त्यांनी त्यातून पिठलं पाठवलं होतं. आईनं कुणाचं भांडं कधी रिकामं परत केलं नाही. मी काय भरणार त्यात? दिवाळी झाली, डबा इथंच.

आज मावशीच दारात आल्या. "डबा दे की बाबा."

"मावशी, भरायला काहीच नाही."

"तसाच दे. तुझ्या आईच्या हातचं लय खाल्लंय आमी."

डबा घासून दिला. त्या गेल्या आणि एकदम लक्षात आलं. ज्या मॅट्रिक्सचा व्यस्त, म्हणजे इन्व्हर्स, निघतच नाही, तिथं माझा प्रोग्राम अर्ध्यातून माघारी फिरतो. परत करायची ओळ अगदी शेवटी आहे, तिथवर तो पोचतच नाही. उत्तर सापडलं नाही म्हणून घेतलेली जागाही ठेवून घेतो. शहाणाच आहे!

उद्या सकाळी पहिलं तेच दुरुस्त करायचं.

फळीवरच्या धुळीत डब्याचा गोल राहिलाय. फडकं हातात घेतलं होतं. पुसवलं नाही.