बाबांच्या वेजवरच्या खाचा

४ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

गोल्फच्या तिरक्या तोंडाच्या काठीचा, आपल्या वेजचा, नवा नियम क्लबच्या यंदाच्या करंडक स्पर्धेपासूनच लागू होणार. काल संध्याकाळी क्लबचे चिटणीस स्वतः दुकानात येऊन सांगून गेले, त्यामुळे आता ही ऐकीव बातमी राहिली नाही. वेजच्या तोंडावरच्या खाचा ठरलेल्या मापापेक्षा रुंद किंवा खोल नकोत आणि त्यांच्या कडा धारदार नकोत. धारदार खाच चेंडूला चावते आणि तो खड्ड्याभोवतीच्या हिरवळीवर पडताक्षणी थांबतो, त्यात खेळणाऱ्याचं कसब उरत नाही, असं वरच्यांचं म्हणणं. जुन्या काठ्यांना सूट आहे, पण कारखान्यातून आल्या तशाच असतील तर. मागाहून कोणी खाचांना हात लावला असेल तर सूट नाही.

दुसरी बातमी गोड आहे. तुझा अर्ज मंजूर झाला. इथल्या कामगारांच्या मुलांना करंडकात घ्यायचं, हा ठराव यंदा पहिल्यांदाच झाला आणि त्यातलं पहिलं नाव तुझं. बाबांनी अडतीस वर्षं याच दुकानात बसून लोकांच्या गोल्फच्या काठ्या नीट केल्या, पण त्या मैदानावर एक चेंडू मारायची त्यांना मुभा नव्हती. चिटणिसांना मी हे बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, उशीर झाला खरा.

तिसरी बातमी हसण्यासारखी. काठ्या मोजायचं काम समितीने मला दिलंय. भिंग, मापाची पाती आणि एक जाडजूड वही. तू बाबांचीच वेज खेळणार हे मला ठाऊक आहे, म्हणून ती आधीच पाठवून दे. मोजून वहीत नोंद करून ठेवते, म्हणजे त्या दिवशी धावपळ नको.

गुडघा बरा आहे. सौ.ला सांग, तिने पाठवलेलं मलम मी खरंच लावते.

माया आहे तशीच राहू दे,
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दवाखान्यातच दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटला वाटलं, त्याच्या दाढेत काहीतरी भयंकर दिसलं. चला, आमची ताई आता सरकारी माणूस! उद्या मला रांगेत उभं करशील.

वेज सोबत पाठवली आहे. ती गुंडाळताना दुकानामागची ती चिंचोळी जागा आठवली. एका बाजूला पत्र्याची भिंत, दुसरीकडे पाण्याची टाकी आणि शेवटी उलटी ठेवलेली बादली. बाबा काम आटोपून हातातलं तेल पुसत यायचे आणि म्हणायचे, दहा चेंडू, एकही पत्र्याला लागता कामा नये. तू टाकीवर बसून मोजायचीस आणि माझी बाजू घेऊन खोटं बोलायचीस.

आता एक गंमत सांगतो. इतकी वर्षं तुला सांगितली नव्हती. बाबा गेले तेव्हा त्या वेजच्या खाचा पार झिजून गेल्या होत्या, नखालाही लागत नव्हत्या. मला ते बघवेना. एका रविवारी दवाखाना बंद होता, तेव्हा दात कोरायच्या यंत्राला सगळ्यात बारीक सुई लावली आणि एकेक खाच नव्याने कोरली. साडेतीन तास लागले. मदतनीस बाईंनी सोमवारी टेबलावर लोखंडाचा कीस पाहिला आणि कोणाचा दात होता म्हणून विचारलं! तेव्हापासून चेंडू असा थांबतो, जणू कोणी खुंटीला बांधलाय. भिंगाखाली बघशील तेव्हा मान्य करशील, की हात बाबांचाच आलाय.

मला करंडक नको, ताई. या वयात कोण देतंय? ती वेज एकदा त्या गवतावरून चालावी, एवढंच हवंय.

तुझा,
भाऊ

१५ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तीनदा मोजली. एकदा सकाळच्या उजेडात, एकदा दिव्याखाली आणि एकदा डोळे धुऊन. नियमात बसत नाही. रुंदी जास्त, कडा ब्लेडसारख्या. झिजलेल्या खाचांना नियमाने सूट होती रे. तू हात लावला नसतास, तर मी डोळे मिटून सही केली असती.

काम सुरेख केलंयस, त्यात शंका नाही. पण भिंगातून पाहिलं, तेव्हा मी शोधत होते ते दिसलं नाही. बाबांचा चेंडू नेहमी एकाच ठिकाणी लागायचा, टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, जरा सरकून. तिथे नाण्याएवढा चकचकीत ठिपका झाला होता. अख्ख्या आयुष्यात त्यांनी त्या लोखंडावर लिहिलं ते तेवढंच. ते तू साडेतीन तासांत खरवडून टाकलंस. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

आता नवी घ्यायला हवी. मी तीन निवडून ठेवल्यात. नव्या नियमाच्या, बोथट कडांच्या. एक बाबांच्याच कोनाची, म्हणजे तोंड छप्पन्न अंश कललेली. एक चोपन्नची, तळ रुंद आणि तोंड जरा उभं. तिसरी अठ्ठावन्नची, ती चेंडू आभाळात उचलते. नुसत्या अंशांवर जाऊ नकोस. ती जमिनीला कशी टेकते ते बघ. होय म्हणालास तर उद्या पाठवते.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. ठिपक्याचं वाचलं आणि पुढचं वाचवेना.

रागावून लिहितोय, माफ कर. ती वेज मी कोरली हे जगात तुला आणि मला सोडून कोणालाही माहीत नाही. मदतनीस बाईंना अजूनही तो दातच वाटतो. पाती तुझ्या हातात, वही तुझ्या हातात. मी कोणाचं बक्षीस पळवणार नाही, शेवटून दुसरा येईन. एका माणसाला जन्मभर ज्या कुंपणाबाहेर ठेवलं, त्याची एक काठी एक दिवस आत गेली, तर कोणता नियम मरणार आहे?

नवी वेज घेऊन खेळायचं तर मी कशाला खेळू? त्यात बाबा कुठे आहेत? तुला जमत नसेल तर चिटणिसांना माझं नाव काढायला सांग. सौ. म्हणते, ताईंना असं लिहू नका. पण लिहिलं.

भाऊ

२३ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

नाव मी काढलेलं नाही आणि वेज नापास झाल्याची नोंद वहीत केली आहे. चिटणिसांनाही सांगितलं. शिवाय हेही सांगितलं, की त्या दिवशी माझ्या भावाची काठ्यांची पिशवी मी तपासणार नाही, दुसरा माणूस नेमा. त्यांनी शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या मास्तरांना नेमलंय. ते सूट देणार नाहीत, सांगून ठेवते.

मी हे का केलं, ते तुला कळेल. याच दुकानात बसून मी गेले आठ दिवस लोकांच्या वेज नापास करतेय. परवा एक म्हातारे गृहस्थ अक्षरशः डोळ्यांत पाणी आणून परत गेले. त्यांचीही कोणाची तरी आठवण असेल. त्यांना नाही म्हणून तुला हो कसं म्हणू? बाबांच्या बाकावर बसून तर मुळीच नाही.

आता मोठी बहीण म्हणून विचारते. आपल्या लहानपणी बाबांचा चेंडू कधी पडल्या जागी थांबला होता का? टाकीवर बसून सगळे चेंडू मी मोजलेत. एकही थांबायचा नाही. खाचा झिजलेल्या, थांबणार कशाने? ते चेंडू मागच्या पायाजवळ ठेवायचे, बुटका मारायचे आणि तो जमिनीवर पडून सरपटत बादलीपर्यंत जायचा. तू उंच उडवायला गेलास की म्हणायचे, पाहुण्याला कडेवर घेऊन आत नेतोस का? दारापर्यंत सोड, आत तो आपल्या पायांनी जाईल. थांबणारा चेंडू तुझा, तू कोरलेल्या खाचांचा. बाबांचा चेंडू पळायचा.

तिन्ही वेज पाठवल्यात. न आवडलेल्या परत कर. रुसायचं असेल तर रूस, पण दहा चेंडू मारून मग रूस.

तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेच्या मागच्या पटांगणावर रोज सकाळी जातोय. पहिले दोन दिवस विचारू नकोस. अठ्ठावन्नची मी कुऱ्हाडीसारखी चालवली आणि चेंडूपेक्षा मातीच जास्त उडाली. छप्पन्नवर माझी सगळी भिस्त होती, पण तिच्याकडून मी जुनंच मागत राहिलो आणि ती नव्या सुनेसारखी गप्प. चेंडू पडायचा आणि थांबायचाच नाही. मी मनातल्या मनात तुला, समितीला आणि गणिताच्या मास्तरांना शिव्या घातल्या.

तिसऱ्या दिवशी चोपन्नची घेतली. तू सांगितलंस तसा चेंडू मागच्या पायाजवळ आणला. खांदा आपोआप खाली आला, मनगट गप्प झालं. चेंडू गुडघ्याएवढा उठला, पडला आणि गवतावरून खुशाल चालत सुटला, बाजाराला निघाल्यासारखा. सौ. डबा घेऊन आली होती. तिने बाबांना दीडच वर्षं पाहिलं होतं, तेही दुकानामागे. ती कुंपणापाशीच थबकली. नंतर म्हणाली, पाठीकडून पाहिलं आणि मला पदर सावरावासा वाटला.

तसेच उरलेले नऊ चेंडू मारले. बाबा लोखंडात आहेत असं समजून मी वीस वर्षं तेच जपत राहिलो.

चोपन्नची ठेवतो, बाकी दोन परत पाठवतोय. बाबांची वेज तुझ्याजवळच राहू दे. आणि मागच्या पत्राखाली नुसतं भाऊ लिहिलं होतं, ते आज पुरं करतो.

तुझाच,
धाकटा भाऊ

९ एप्रिल

चि. भाऊस,
अ. उ. आ.

वेळापत्रक काल फळ्यावर लागलं. तुझी पाळी शनिवारी सकाळी सात चाळीसला, पहिल्या खड्ड्यापासून. सोबत तिघे आहेत, त्यातले एक तेच म्हातारे गृहस्थ. त्यांनीही नवी वेज घेतली, माझ्याकडूनच, आणि अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. मास्तर सातला पिशवी तपासतील. चोपन्नची मी आधी मोजूनच पाठवली होती, तेव्हा काळजी नको.

म्हाताऱ्या माळ्याने सांगितलंय, शुक्रवारी गवत बारीक कापणार आणि पाऊस नाही आला तर हिरवळी घट्ट राहतील. उंच उडवणाऱ्यांचे हाल आहेत म्हणतो. तू शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने ये. जेवून लवकर झोप.

शनिवारी माझ्याकडे मोजायचं काम नाही, म्हणून दुकान बंद ठेवून मी तुझी पिशवी खांद्यावर घेऊन तुझ्यासोबत मैदानभर चालणार आहे. चिटणिसांना विचारलं, ते हो म्हणाले. एकच सांगते, दोन फटक्यांच्या मधे भरभर चालू नकोस. साठ वर्षं या कुंपणाला लागून राहिले, पण त्या गवतावर मी एकदाही पाऊल ठेवलेलं नाही. मला जरा वेळ लागेल.

वाट बघते,
तुझी ताई