बेल्जमचा आरसा आणि माझी कांती

३ फेब्रुवारी १९८५, रविवार
आचऱ्याचं स्थळ आलं. मुलगी शुभदा, शाळेत शिक्षिका. सतरा तारखेला बघायला जायचं. थोरली बहीण म्हणून सगळं अक्काच ठरवते.
संध्याकाळी माजघरातल्या आरशात चेहरा तपासला. चाळीसचा बल्ब, व्होल्टेज नेहमीप्रमाणे अर्धं. कांती अप्रतिम. मुरमांचा मागमूस नाही. मुलगी फारच भाळली तर काय, एवढीच काळजी.

४ फेब्रुवारी
बाबलीच्या सलूनमध्ये दाढी. त्याने आरशाच्या दोन्ही बाजूंना ट्यूबलाइट लावल्यात. आरशात कोणी आजारी माणूस बसला होता. गालांवर खड्डे, डोळ्यांखाली काळं, नाकावर फोड. मागे वळून पाहिलं, कोणी नाही.
आरसा बिघडलाय, असं बाबलीला स्पष्ट सांगितलं. म्हणाला, "आरसो बेल्जमचो आसा." तेच तर! बेल्जियमच्या आरशाला मालवणची कातडी काय कळणार? सलून बंद. दाढी घरीच.

६ फेब्रुवारी
शास्त्रीय पाहणी केली. कचेरीच्या जीपचा आरसा: चेहरा लहान, त्वचा स्वच्छ. पितळी तांब्या: चेहरा पसरट, त्वचा सोन्यासारखी. रजा टाकून धामापूरच्या तलावात पाहिलं: किंचित हिरवा, पण डाग नाही. विरोधात एकटा बाबली. बहुमत माझ्याकडे.
अक्का म्हणाली, "तोंड बघूक धामापुराक कित्याक गेलंस? घरच्या बावीत पाणी नाय?" तिला संशोधन कळत नाही.

११ फेब्रुवारी
काल रविवार म्हणून बेसन, साय, हळद लावली. गरज नव्हती, पण खबरदारी. हळद जरा सढळ पडली. आज कचेरीत साहेबांनी कावीळ समजून घरी पाठवलं. म्हणजे तेज परक्यांनाही दिसू लागलं.

१५ फेब्रुवारी
बेत पक्का. उजेड मागून, चेहरा सावलीत, डावा गाल पुढे. दिवेलागणीला जाऊ म्हटलं. अक्का म्हणाली, "मगे परत येवक गाडी खंय?" चार वाजता ठरलं. हरकत नाही. उन्हाला पाठ केली की झालं.

१७ फेब्रुवारी, रविवार
कार्यक्रम यशस्वी.
किरकोळ अडचणी आल्या. पडवी पश्चिमेची, ऊन थेट तोंडावर. खुर्ची खांबाआड सरकवली. पाहुण्याला उकडतंय असं वाटून शुभदाच्या वडिलांनी समोरची खिडकी उघडली. पुन्हा सरकलो. तिथे कपाटाचा आरसा. पुन्हा सरकलो. शेवटी मीच आत बसू म्हटलं.
माजघरात काळोख छान होता. शुभदा पोहे घेऊन आली. मी डावा गाल तिच्याकडे ठेवून भिंतीशी मोकळेपणाने बोललो. तिच्या आईने विचारलं, "मानेक काय झाला?" लचक म्हणालो.
एसटीत अक्काने विचारलं, मुलगी कशी वाटली. उत्तम, म्हटलं. काय उत्तम, तर सगळंच. खरं म्हणजे मुलगी बघायची राहून गेली. पण आपण नीट दिसलो, हे महत्त्वाचं.

२३ फेब्रुवारी, शनिवार
सकाळ. अजून निरोप नाही. होकार कळवायला चांगला दिवस बघत असतील.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दुपारी मालवण स्टँडवर उभा होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "रविवारी आचऱ्याक गेल्लात मा?" बातमी पसरली तर! मी म्हटलं, लग्न ठरल्यातच जमा आहे. मुलगी दिसायला कशी, असं त्यांनी विचारलं. बघितली नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. लांब केस, टपोरे डोळे, फार लाजरी, असं सांगितलं.
त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. डोक्यावर भर दुपारचं ऊन, आणि मी गाल फिरवायचं विसरलो. मग म्हणाल्या, "माझे केस आखूड, डोळ्यांक चष्मो, आणि लाजाक माका जमना नाय. मीच शुभदा."
आचऱ्याची गाडी लागली. चढता चढता तिने सांगितलं, "बाबा उद्या होकार घेवन येवचे होते. आता नको म्हणान सांगतंय."
मी काहीतरी बोलायला खिडकीपाशी धावलो. चष्मा तिला छान दिसत होता. ते शब्द जुळेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली.