मास्तरांची मूठ

प्रिय भिंगरी,

तुझी चिठ्ठी येऊन आज अकरा दिवस झाले. चिठ्ठी छोटीच, पण तिच्या शेवटी चार शब्दांचा एक प्रश्न. पाचशे माणसांसमोर तास तास बोलणारी मी, त्या चार शब्दांपुढे अकरा दिवस मुकी बसले आहे. तुझे बाबा म्हणायचे, या भोंग्याला सरळ काही विचारू नका, उत्तराआधी सगळं गाव फिरवून आणेल. आजही तसंच होणार आहे, रागावू नकोस. पण शेवटी मी तुझ्या प्रश्नापाशी येऊन उभी राहीन, एवढा शब्द देते. माझ्या शब्दाची किंमत काय, तेही तोवर कळेलच.

नदीकाठच्या रुग्णालयाचं तळघर डोळ्यांसमोरून जात नाही. ते जड दार, आत पाऊल टाकताच अंगावर येणारी एसीची थंडी, आणि बारा महिने तेरा काळ मास्तरांच्या अंगातला तो कोपरांवर ठिगळं लावलेला तपकिरी स्वेटर. आपण दोघी एकाच आठवड्यात शिकाऊ म्हणून लागलो. तू मास्तरांची मुलगी म्हणून सगळे तुला जपत होते आणि तू मात्र फिरत्या खुर्चीत बसून गरागरा फिरत होतीस. तुझं भिंगरी तिथेच झालं आणि माझं भोंगा. आपलं टेबल वरच्या मजल्यावर, मास्तर खाली सर्व्हरपाशी. रोज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आपल्या टेबलावरचा अलार्म वाजायचा, कारण मास्तरांनी तापमान मोजणाऱ्या तारेच्या टोकाचा तो वाटाण्याएवढा मणी मुठीत धरलेला असायचा. एकवीस अंशांच्या खोलीत मण्याला तेहेतीस अंश लागले की यंत्राला वाटायचं, आग लागली. मग आपल्यापैकी एकीनं खाली फोन करून म्हणायचं, "ऐकू आलं, मास्तर." मग ते मूठ सोडायचे. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं की मशीन धड आहे हे रोज कशाला तपासता. ते म्हणाले, मशीन कोण तपासतंय, मी तुम्हाला तपासतोय. मूठ एकदा धरली तर "मी आहे". सोडून पुन्हा धरली तर "ये". ती दुसरी मूठ आली की तू जिन्यावरून धडाधडा उतरायचीस आणि खाली बहुतेक वेळा चष्मा कपाटामागे पडलेला असायचा.

मी जे केलं ते का केलं, हे तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते. सबब म्हणून नव्हे. मला ते आजही पटतं म्हणून. संस्थेची पाच रुग्णालयं, पाच मशीनरूम, पाच राखणदार, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. टेकडीवरच्या रुग्णालयातला राखणदार तापानं फणफणून घरी पडला, मागे सर्व्हर बंद पडला, आणि एका बाईचा रक्ताचा रिपोर्ट एकोणीस तास आत अडकून राहिला. बाईचा पाय गेला. त्या एकोणीस तासांत बाकीचे चार राखणदार आपापल्या खोलीत निवांत होते, त्यांचे दिवे हिरवे होते. मी त्या बाईला भेटून आले आणि त्यानंतर मला शांत बसता आलं नाही. माणसाचा पाय एका माणसाच्या तापावर अवलंबून ठेवायचा? पाचही ठिकाणांची देखरेख एका छताखाली आणा, सगळ्यांची मिळून एक सेवा करा, सतत कोणीतरी जागं ठेवा, असं मी सांगत सुटले. दोन वर्षं सांगितलं. संचालकांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, कँटीनमध्ये सांगितलं. मास्तर एवढंच म्हणाले की बरं आहे, इतकी वर्षं मी राखणदार होतो, आता तुझं गिऱ्हाईक होईन.

ते सभागृह आठवतं? मंजुरीच्या आदल्या दिवशीचं भाषण. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण होतं ते, आणि ते मला पुसता येत नाही. जुन्या पद्धतीचा वेडेपणा दाखवायला मला एक उदाहरण हवं होतं. मी म्हटलं, आपल्या संस्थेत एक गृहस्थ रोज सकाळी मशीनला मुठीत धरून घाबरवतात आणि मग मशीन आपल्याला घाबरवतं. सभागृह हसून लोटपोट झालं. पहिल्या रांगेत मास्तरही हसले. तू हसली नाहीस. तू त्यांच्या हाताकडे बघत होतीस. व्यासपीठावरून सगळं दिसतं, भिंगरी. वक्त्याला काही दिसत नाही असं लोकांना उगाच वाटतं.

केंद्र सुरू झालं. ती भिंतभर स्क्रीन, पाच रंगांचे पाच पट्टे, आणि तिसऱ्या खुर्चीवर तू. पहिल्या आठवड्यात दिवसाला चार हजार इशारे यायचे. कुठे प्रिंटरचा कागद संपला, कुठे कुणी दार उघडं ठेवलं, आणि त्या गदारोळात खरा इशारा असला तरी कळायचा नाही. तेव्हा जे इशारे रोजचे आणि निरुपद्रवी, त्यांचं तोंड बंद करायचं ठरलं. मी यादी केली, एकेका ओळीवर सही केली. नियम क्रमांक एक्केचाळीस: नदीकाठ, तापमान, सकाळी दहानंतर, दाखवू नये. नमुना म्हणून आठवड्याच्या नोंदी पाहिल्या होत्या. रोज चार मिनिटांत आपोआप मिटणारा इशारा, सातही दिवस तोच. कागदावर तो खोटाच होता. किती वेळ दाबून ठेवायचा, ही मर्यादा घालायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. तू विचारलंस, बाबांची मूठ आता का दिसत नाही. मी म्हटलं, ती माझ्या स्क्रीनवर येते, मी स्वतः बघते. तुझा चेहरा उजळला.

आणि मी बघत नव्हते. सुरुवातीला दहा वाजून चौदा मिनिटांनी न बघताच फोन करायचे, ऐकू आलं म्हणायचे. मग बैठका वाढल्या. तेव्हा मी आपल्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल असं केलं. रोज दहा चौदाला माझ्या नंबरावरून त्यांना आपोआप निरोप जाईल अशी सोय केली. "ऐकू आलं, मास्तर." मला वाटलं, म्हाताऱ्याचं मनही राहिलं आणि माझा वेळही वाचला. दोन महिन्यांनी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर घरी. परत आल्यावर केंद्रात आले, तू जेवायला गेली होतीस, माझ्या टेबलाच्या कडेवर बसले आणि म्हणाले की डोळे पुरते बरे होईपर्यंत फोन निरोप मोठ्यानं वाचून दाखवतो, मोठी सोय आहे. मी घरी गादीवर पडलो होतो आणि रोज सकाळी फोन बोलायचा, ऐकू आलं मास्तर. तुझे कान फारच तिखट झालेत गं. हसत होते. मी खाली बघितलं. चोरी पकडली गेल्यावर ओरडणारा माणूस परवडतो, हसणारा नाही. मी त्यांना म्हटलं, मास्तर, आजपासून मी स्वतः बघीन आणि स्वतः पाठवीन. यंत्र नाही. ते म्हणाले, "तुझा शब्द आहे ना, मग झालं."

नऊ दिवस मी तो शब्द पाळला. दहाव्या दिवशी बाहेरची माणसं आपलं केंद्र बघायला आली, आणि मी ती सोय पुन्हा चालू केली. एका दिवसापुरती, असं स्वतःला सांगितलं.

तो दिवस तुला मी काय सांगू. दुपारी एक चाळीसला सफाईच्या मावशींनी तळघराचं दार उघडलं आणि त्यांना मास्तर गेलेले दिसले. वर दोन मजल्यांवर अकरा डॉक्टर होते. केंद्रात फोन आला तेव्हा तू खुर्चीतून उठलीस आणि गाडीत बसायच्या आधी मला एकच विचारलंस, "बाबांनी आज मूठ धरली होती का?" मी म्हटलं, "नाही. आज काहीच आलं नाही." तेव्हा मी काहीही पाहिलेलं नव्हतं. तरी बोलले. बोलणं हाच माझा हात आहे, पडताना माणूस हात पुढे करतो तसं मी बोलते. तू मान हलवलीस. म्हणजे सकाळी गेल्या गेल्याच झालं असणार, क्षणात, असं तू सगळ्यांना सांगत राहिलीस, आणि मी शेजारी उभी राहून ऐकत राहिले. संध्याकाळी सहाला मी त्या मण्याच्या नोंदी उघडल्या, पाहिल्या आणि बंद केल्या. चौकशीत कुणी त्या मागितल्या नाहीत. इशारा आला नाही, एवढं माझ्या सहीनं लिहिलं गेलं. मग तू नोकरी सोडलीस, गाव सोडलंस. मला बढती मिळाली.

तेव्हापासून दहा वाजून दहा मिनिटं ही वेळ माझ्या अंगात शिरून बसली आहे. कुठेही असले तरी उजव्या हाताचा तळवा गरम होतो. बैठकीत बोलता बोलता थांबते, लोकांना वाटतं की मुद्दाम थांबले, वाक्याला धार यावी म्हणून. नदीकाठच्या खोलीत आता कुणी बसत नाही, केंद्राला गरज नाही. मी मात्र जाते. मणी कपाटामागे लोंबकळत असतो. मी तो कधी हातात घेतला नाही. भिंतीवरचे पाचही पट्टे हिरवेगार असतात, पाहुणे टाळ्या वाजवतात, आणि मला त्या हिरव्याची भीती वाटते. टेकडीवरचे एकोणीस तासही हिरवेच होते, फक्त दुसऱ्यांच्या खोलीत.

आता तुझ्या दारात आले. तू लिहिलंस की मास्तरांचा नंबर तू चालू ठेवला होतास, आणि वर्षभर कपाटात पडलेला त्यांचा फोन परवा चार्जिंगला लावलास, आणि तो बोलायला लागला. साठून राहिलेले निरोप, एकामागून एक, रिकाम्या घरात. ऐकू आलं, मास्तर. ऐकू आलं, मास्तर. थांबवता येईना म्हणून तू बाहेर पायरीवर जाऊन बसलीस. मग आत येऊन मागे मागे जात त्या दिवसाचा निरोप शोधलास, आणि मला विचारलंस, "काय ऐकू आलं होतं?" भिंगरी, मला काही ऐकू आलं नव्हतं. पण त्यांनी हाक मारली होती. सोबत एक कागद आहे. आपल्याकडे नोंदी तेरा महिन्यांनी आपोआप पुसल्या जातात, हाही माझाच नियम, आणि उद्या ते तेरा महिने भरतात. मी काहीच केलं नसतं तर उद्या हे जगात कुठेही उरलं नसतं. आज सकाळपर्यंत मी तोच विचार करत होते, हेही तुला कळायला हवं. कागदावरची रेषा बघ. दहा वाजून आठ मिनिटांनी ती चढते, उतरते. दहा वाजून अकरा मिनिटांनी पुन्हा चढते. दुसरी मूठ. ती कशाची, ते तुला सांगायला नको. दहा चौदाला टेबलावरच्या फोननं त्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, ऐकू आलं, मास्तर. माझा शब्द होता, त्यांनी तो खरा धरला. कारण त्यानंतर रेषा पुन्हा खाली-वर झालेली नाही. तेहेतीस अंशांवर पंचवीस मिनिटं सरळ आहे, मूठ घट्ट आहे, आणि मग हळूहळू, दुपारपर्यंत, खोलीइतकी थंड होत जाते. उत्तर मिळाल्यावर माणूस दुसऱ्यांदा हाक मारत नाही, वाट बघतो. हा कागद तुझा आहे. एक प्रत मी संचालकांच्या टेबलावर माझ्या सहीनं ठेवली आहे आणि खाली लिहिलं आहे की इशारा आला होता. क्षमा मागत नाही, मागायला तोंड नाही. आज दहा वाजून चौदा मिनिटं व्हायच्या आत, त्या दिवसापासून चालूच राहिलेला तो निरोप मी बंद केला. नंतर तळघरात गेले आणि पहिल्यांदा मणी मुठीत धरला. सोडला, पुन्हा धरला. नियम एक्केचाळीस अजून तसाच होता. कुणीही आलं नाही.

तुझीच,
भोंगा