तेरावं घर

खालची वाडी, ता. मालवण
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय एस्पेरांसाबाय,

विनीताचा नमस्कार. कुडाळला तुझे गुडघे कसे आहेत? एलिनाचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे लेकीने आईला वर चढवून ठेवलंय आणि आई खाली उतरायला घाबरतेय, असं माझ्या डोळ्यांसमोर येतं. तुझा लेक स्टॅनली शिरोड्याला दुसऱ्याच्या होडीवर जातो असं कळलं. त्याला विचारलं म्हणून सांग.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझी तपकिरी कोंबडी खुडूक बसली आहे. विहिरीकडच्या माडाची एक झावळी पडली, ती मी बाजूला ओढून ठेवली. घर आठवड्यातून दोनदा उघडते, झाडून घेते. तुझ्या येशूच्या अल्तारावरची धूळ पुसताना परवा हात थबकला, की तुला हे चालेल ना? तीस वर्षांत असा प्रश्न मला पडला नव्हता.

तू फोन उचलत नाहीस ते बरंच आहे. फोनवर मी पुन्हा कोंबडी आणि झावळीच सांगितली असती. शिवाय आमच्या घरात फोन या वस्तूची मला आता शिसारी आली आहे. म्हणून पत्र. तू मास्तरीण, चुका दिसतील. लाल पेन घेऊन बसू नकोस.

एलिनाचा निरोप मिळाला. गुरुवारी तो हॉटेलवाला घर बघायला येणार, पसंत पडलं तर घेणार, त्याच्याकडे किल्ली द्यायची. देईन. घर तुझं, किल्ली तुझी. पण त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून उद्या कुडाळला जाणाऱ्या चंदन मेडिकलवाल्याकडे देते आहे.

गणपती झाले. आमची आकांक्षा पुण्याहून आली, दोन दिवस राहिली, बापाशी कामापुरतं बोलली. माटवीची गंमत ऐक. गंमत म्हणू की काय म्हणू, तूच ठरव. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधताना आमचे हे, म्हणजे तुझा सुदेशबाब, आंब्याचे टाळे, नारळ, कवंडळं सगळं बांधून झाल्यावर खाली उभे राहून वर बघत राहिले. मग मला म्हणाले, “बायच्या मांडवावरचा तवसा खंय? त्येच्याशिवाय माटवी भरल्यासारी दिसणा नाय. जा, घेवन ये.”

मी गेले आणि तुझ्या परसातल्या काकडीच्या वेलावरून तवसं तोडून आणलं. तुला न विचारता. दरवर्षी तूच पदराखालून आणून द्यायचीस, यंदा मी चोरासारखं आणलं. यांनी ते मधोमध बांधलं आणि हात जोडले. एस्पेरांसाबाय, मला तेव्हा हसावं की भिंतीवर डोकं आपटावं ते कळेना.

कारण हा माणूस असा नव्हता, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? भजनाला बसला की पेटी सोडायचा नाही, आणि दशावतारात राक्षस यायच्या आधीच घोरायला लागायचा. आता संध्याकाळी टीव्हीवर चौघे भांडतात आणि पाचवे आमच्या घरात. जेवताना मोबाईल ताटाशेजारी. त्यात कोणकोणत्या गावांतले व्हिडिओ येतात. ते गाव कुठलं, कधीचं, खरं की खोटं, काही विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “तुमी बायका अशा निजलेल्या म्हणान ह्यो दिवस इलो.” कुठला दिवस ते मला अजून दिसलेला नाही. बाहेर बघितलं तर समुद्र, माड, वाळत घातलेली जाळी. होतं तेच सगळं.

मे महिन्यात तुझ्या दारातल्या क्रुसाकडे, खुरसासमोर, लदीनची प्रार्थना झाली, तेव्हा वाडीतली माणसं नेहमीसारखी आली, मेणबत्त्या लावल्या, उकडलेले चणे खाल्ले. त्याचा व्हिडिओ यांनीच काढला होता. तुला वाटलं हौसेने काढतायत. तू तर पदर सारखा करून घेतलास. तो यांच्या मोबाईलवरच्या ‘जागे व्हा’ ग्रुपवर गेला, खाली लिहिलेलं होतं, ‘सुरुवात अशीच होते.’ जून उजाडला आणि तुझ्याकडे शिकायला येणारी मुलं एकेक करून येईनाशी झाली. तू मला विचारलंस, “गो, शाळेत काय नवीन क्लास सुरू झालो काय?” मी म्हटलं, असेल. मला ठाऊक होतं. हे तुला माझ्या तोंडून कळायला हवं होतं, आणि आज चार महिन्यांनी कागदावर कळतंय.

आता त्या दिवसाचं लिहिते. लिहायचं टाळत टाळत इथवर आले.

नारळी पौर्णिमा झाली, रापणीचं पहिलं जाळं ओढायचं होतं. किनाऱ्यावर सगळी वाडी. नेहमीप्रमाणे आपण दोघी मागे, बायकांत, खांद्याला खांदा लावून. स्टॅनली पुढे दोरीशी. यांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. सासरे घालायचे तेव्हापासूनचे शब्द तुलाही पाठ आहेत. तुझा घरवाला फेलिक्स होता तोवर त्यांची नक्कल करून आपल्याला हसवायचा. “बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां हय जमलेली आसत. वाडीतली बारा घरां आणि खुरसाकडचा तेरावा घर, सगळ्यांका सांभाळ म्हाराजा!”

यंदा हे म्हणाले, “वाडीतली बारा घरां,” आणि थांबले. श्वास घेतला. “सगळ्यांका सांभाळ म्हाराजा!”

आणि सगळ्यांनी म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

स्टॅनलीने दोरी वाळूत ठेवली आणि तो चालू लागला. तू त्याच्या मागे गेलीस. माझ्याकडे एकदा बघितलंस. त्या दिवशी जाळ्यात भरपूर बांगडा आला. दोरीला हात लावील त्याचा वाटा, हा रापणीचा कायदा. तुझ्या घरचा हात दोरीला नव्हता, म्हणून वाटाही काढला नाही. सगळं कसं नियमाला धरून झालं बघ.

मी महिनाभर मनाला समजावलं की तोंडातून ‘व्हय’ सवयीने गेलं. गाऱ्हाणं म्हटलं की ‘व्हय’ येतंच, शिंक आल्यासारखं. वाडीतल्या बाकीच्यांचं खरंच तसं झालं असेल. लवूकाका तर ऐकूच येत नसताना ‘व्हय’ म्हणतो.

पण माझं तसं नाही. आदल्या दिवशी जेवताना हे मला म्हणाले होते, “औंदा तेरावा घर घेवचा नाय, असा ठरलेला आसा.” कोणी ठरवलं मी विचारलं नाही. मी भात वाढला. कढी हवी का, विचारलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या शेजारी येऊन उभी राहिले, तू माझ्या केसात अबोलीचा वळेसर माळलास, आणि मला माहीत होतं. तो शब्द गाळला जाणार, हे तिथे उभ्या असलेल्या बायकांत फक्त मला माहीत होतं. तरी मी ‘व्हय’ म्हटलं. घरात भांडण नको म्हणून. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही. मला लाज वाटते, बाय. ह्यांची वाटते, पण ह्यांना निदान आपण देवाचं काम करतोय असं वाटतं. मला तसं काहीच वाटत नव्हतं.

रोज दिवेलागणीला हे पडवीत येतात, तुझ्या घराकडे बघतात आणि विचारतात, “लेकीकडे इतके दिस काय करता ती? येतली कधी?” ढोंग नाही गो. खरंच विचारतात. आज सकाळी चहा घेताना पुन्हा विचारलं आणि माझ्या तोंडचं झाकण उडालं.

“ती येवची नाय. तुमी तिका गाऱ्हाण्यातून काढलास.”

“मी बायक खंय काढलंय? मी त्या लोकांबद्दल बोलतंय. बाय काय त्यांच्यातली न्हय. बाय आपली.”

“मगे तेरावा घर कोणाचा होता?”

मी म्हटलं, कोरोनात तुमच्या आई गेल्या तेव्हा तुमच्या बारांतले बाकीचे अकराही घरवाले दारं लावून बसले होते. तिरडीला चौथा खांदा कोणाचा होता? “फेलिक्स येगळो होतो,” म्हणाले. आवाज कापत होता. मला वाटलं आता हा माणूस रडणार, आता परत येणार. त्यांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हा तुला खोटी आशा लावत नाही. माझा नवरा त्या टीव्हीच्या खोक्यातून बाहेर येईल की नाही, मला ठाऊक नाही.

मी उठले, घरातला एक नारळ घेतला आणि तुझ्या घरासमोर खुरसाकडे गेले. भर सकाळी, सगळे जाळी झाडत होते तेव्हा. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं आपल्याकडे कोणी ऐकलेलं नाही, आणि तेही खुरसासमोर. तुझा देव रागावेल की माझा, विचार केला नाही. मोठ्याने म्हटलं, “बा देवा म्हाराजा, वाडीतली बारा घरां आणि खुरसाकडचा तेरावा घर. ज्येणा कोणी ह्या घर वगळल्यान, त्येका अक्कल दी. आणि जिणा ठावक आसान व्हय म्हटल्यान, तिका तोंड दी म्हाराजा!”

जाळी झाडणारे हात थांबले होते, पण ‘व्हय’ कोणी म्हटलं नाही. म्हणतील असं मला वाटलंही नव्हतं. मी नारळ फोडला आणि घरी आले.

‘व्हय’ आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, हे तुला मी सांगायला नको. ते आता तुझ्याकडे आहे. म्हण किंवा म्हणू नकोस, तुझ्यावर माझा कसलाच हक्क उरलेला नाही. किल्ली गुरुवारपर्यंत माझ्या कमरेला आहे. तू काही कळवलं नाहीस, तर त्या माणसाच्या हातात ठेवीन, आणि घर आतून दाखवताना तवशाचा मांडव कोणाचा होता तेही सांगेन.

गुडघ्यांना खोबरेल चोळत जा.

अर्ध्या गाऱ्हाण्याशी उभी असलेली,
तुझी विनीता