बोरडोंगराची वाट आणि थर्मासचे झाकण

१ सप्टेंबर, रविवार

स्वस्ति श्री. बोरडोंगर-पथ-प्रवर्तक, द्विचक्रवर्ती, शिलाकंटकविमर्दक, कुरण-कैवारी, पंक्चरविद्यापारंगत, कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृताचे (विद्यार्थी असल्यास) अध्यापक, बोरदरा गिरि-सायकल मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष, चिटणीस आणि परवापरवापर्यंत बहुतांश सदस्य, श्रीमान श्रीपादराव, वय वर्षे त्रेपन्न, यांनी आज ही रोजनिशी आरंभिली. निमित्त : मत्सर.

षड्रिपूंतील हा शेवटचा. पहिल्या पाचांशी माझे बरे चालले होते.

कारण लिहितो. डॉ. मुक्ता, दंतवैद्या, नगरला सावेडीत दवाखाना, उन्हाळ्यापासून मंडळाच्या सदस्या. डोंगराचा शेवटचा चढ मी आजवर सायकल हाती धरून, चिंतन करीत चढत आलो. आज त्या तो बसून चढल्या. खोकल्यासुद्धा नाहीत.

तेही सोसले असते. पण माथ्यावर भाऊसाहेब. बोरदऱ्याचे शेतकरी, वनसमितीचे अध्यक्ष, माझे रविवारचे मित्र. ही वाट मी कुदळीने कोरली तेव्हापासूनचा नेम : बाभळीखाली माझ्या थर्मासमधला चहा, मला पेला, त्यांना झाकण. आज झाकण त्यांनी बाईंपुढे केले. "डाक्टरीणबाई, तुमी घ्या. मी मागनं घेतो."

माझ्यासाठी हा गृहस्थ कधी मागनं प्यायला नाही.

८ सप्टेंबर, रविवार

मारुतीच्या ओट्यावर बाईंची मोफत दंततपासणी. "आ करा" म्हटले की अख्खा गाव आ करी. सायकलवाटेच्या बाजूने ग्रामसभेत या गावाने एकदा तोंड उघडावे म्हणून मी इतकी वर्षे सुभाषिते वेचली. उपयोग शून्य. दाढ हलवली की लोकमत हलते, हे कोणत्याही ग्रंथात नाही.

भाऊसाहेबांच्या मातोश्रींची दाढ काढली. मातोश्री : "बाईचा हात लई हलका. कळलंच न्हाई."

माझीही डावी दाढ ठणकते आहे. कुणास सांगितले नाही. गृहिणीला सांगितले.

"मग दाखवा ना तिला."

"तिला? त्यापेक्षा देहत्याग करीन."

"करा. तोवर उजवीकडून जेवा."

११ सप्टेंबर

भाऊसाहेबांचा फोन. विषय गंभीर. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव येतो आहे : डोंगरावर सायकली असाव्यात की नसाव्यात.

मूळ आक्षेप गावातल्या शेळीवाल्या सखूआजींचा. गावाने चराईबंदी केली, स्वतःच्या शेळ्या डोंगरावरून उतरवल्या, म्हणून तर कुरण वाढले, गवतात घरटी करणारे चंडोल परत आले. आजी म्हणतात, "आमच्या शेळीला बंदी अन् नगरच्या सायकलीला रान मोकळं. सायकल दूध देती व्हय?"

युक्तिवाद निर्दोष. म्हणूनच भयंकर. ठराव झाला तर माझी वाट दोन पावसाळ्यांत गवताखाली जाईल. मग रविवारी मी कुठे जाणार? घरी?

१५ सप्टेंबर, रविवार

बाभळीखाली बाईंनी नकाशा पसरला. त्यांचे म्हणणे : सध्याची वाट चरांच्या बांधावरून जाते ते योग्य नव्हे. पाणी अडवायला गावाने श्रमदानातून चर खणले. त्यांच्या कडेचे बांध सायकलीने झिजतील आणि एक दिवस फुटतील. त्याऐवजी वाट उत्तरेच्या खडकावरून न्यावी. तिथे गवत नाही, घरटी नाहीत, झिजायला काही नाही.

बांधावरचा तो टप्पा हा माझ्या निर्मितीचा मुकुटमणी. समतल, सुललित, सर्पाकृती. (समतल असणारच. चर गावाने समतल रेषेवर आखून खणला आहे. बांध मला आयता मिळाला. हे वाक्य सभेत उच्चारू नये.)

मी विरोधार्थ उभा राहिलो. निसर्ग, परंपरा, पूर्वसूरी यांचे यथायोग्य स्मरण केले. पूर्वसूरी म्हणजे मीच. भाऊसाहेब नकाशातून मान वर न काढता म्हणाले, "सर, च्या गार हुतोय."

घरी आल्यावर ध्यानात आले, थर्मासला झाकण नाही. नकाशासोबत बाईंच्या पिशवीत गेले असणार.

२२ सप्टेंबर, रविवार

काल पाऊस. वाट ओली. बाई म्हणाल्या, "आज बांधावरून नको, सर." त्या म्हणाल्या नसत्या तर मीही गेलो नसतो. गेलो. दोनदा.

झाकणाचा उल्लेख त्यांनी केला नाही. मीही नाही. प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

२४ सप्टेंबर

रात्री जोराचा पाऊस. सकाळी भाऊसाहेबांचा फोन. "सर, तिसऱ्या चराचा बांध फुटला. माती समदी माझ्या कांद्याच्या रोपात आली."

रजा टाकून निघालो. वाटेत देवाकडे मागणे, नीच मागणे : ठसा तिचा निघो. तिच्या टायरची नक्षी चौकोनी दातांची, व्यवसायास शोभेशी. माझ्या टायरची वेणीसारखी. तसले टायर तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नाही, असे मी अभिमानाने सांगत आलो आहे.

बाई आधीच पोचलेल्या. फुटलेल्या जागेपासून हातभर अंतरावर, गवताच्या आडोशाला, मातीत ठसा शाबूत. वेणी.

भाऊसाहेब खालून चढत येत होते. बाईंनी ठसा पाहिला. मला पाहिले. मग सहज उभ्या राहिल्यासारख्या त्यावर उभ्या राहिल्या आणि बूट एकदा फिरवला. भाऊसाहेबांना म्हणाल्या, "पाणी फार झालं हो यंदा."

वाचलो. इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता.

२८ सप्टेंबर

झोप नाही. अर्धी दाढेमुळे, अर्धी त्या बुटामुळे. शत्रूने घाव घातला तर परतवता येतो. उपकार केला तर करायचे काय?

गृहिणी : "आभार माना."

या घरात शास्त्रार्थ अशक्य.

२ ऑक्टोबर

ग्रामसभा. मारुतीचा सभामंडप भरलेला. सखूआजी अग्रभागी, शेळी बाहेर खांबाला. पुरावा म्हणून आणली असावी.

पहिलाच प्रश्न : बांध कुणी फोडला?

डॉ. मुक्ता उठल्या. "कुणा एकाची चूक नाही. आम्ही सगळेच त्या वाटेने जातो. जबाबदारी आमच्या मंडळाची."

सभेत कुजबुज. "बाई मनानं मोठी हाय." भाऊसाहेबांचे डोळे तिच्यावर, बाभळीखाली कधीकाळी माझ्यावर असत तसे.

तेव्हा सहावा रिपू माझ्या देहात उभा राहिला, सबब मलाही उभे राहावे लागले. चढ तिने घेतला. मित्र घेतला. झाकण घेतले. आता माझ्या अपराधातही वाटा? म्हणालो, "सभाजनहो! त्या बांधाचा भंग हा सर्वस्वी माझा पराक्रम आहे. त्यात वाटेकरी नको. बाई रविवारी नको म्हणाल्या होत्या. ओल्या मातीवरून मी एकटा गेलो. ठसा वेणीचा होता, आणि ती वेणी माझी."

मग सखूआजी, माझ्या टकलाकडे पाहत : "डोईवर एक केस न्हाई, अन् म्हनं येणी माझी."

सभा हसून लोळली. भाऊसाहेब हसले नाहीत. नुसते बघत राहिले. आज माझ्याकडे.

ठराव असा. बांध मी श्रमदानाने पुन्हा घालायचा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत डोंगरावर सायकल नाही. त्या पावसाळ्यात बांध टिकला तर खडकावरची वाट उघडायची. फुटला तर सायकलीला शेळीचाच कायदा, कायमचा.

शेळी बाहेरून ओरडली. अनुमोदन.

६ ऑक्टोबर, रविवार

श्रमदान, दिवस पहिला. पायीच चढलो. बाई आल्या, स्वतःची कुदळ घेऊन. शिक्षा त्यांना नव्हतीच. भाऊसाहेब घमेले घेऊन मध्ये. माती टाकायची, पाणी मारायचे, धुमसाने ठोकायची, पुन्हा माती. दगडगोटे आधी वेचून काढायचे, नाहीतर पाणी फट शोधते.

भाऊसाहेब पाण्याला खाली गेले तेव्हा विचारले. "ठसा का पुसलात?"

"तुम्हाला घालवलं असतं त्यांनी."

"मग वाट तुमचीच होती की."

"मग रविवारी भाषण कुणी केलं असतं? चढावर तुमचा आवाज खालून येतो ना सर, तो टाळायलाच मी जोरात पायडल मारते."

कुदळ मारली.

चहा आणला होता. झाकण नाही. पेला एकच, तो भाऊसाहेबांना दिला. त्यांनी बाईंना दिला. बाईंनी मला. अतिशय असमाधानकारक व्यवस्था.

१३ ऑक्टोबर, रविवार

बांध पुरा झाला. अर्धा तिचा, अर्धा माझा. भाऊसाहेब बांधावरून टोकापासून टोकापर्यंत चालले. तिच्या भागावर : "वा, बाई." माझ्या भागावर काही नाही. थांबले, खाली बसले, एका जागी तळहाताने दाबले, आणखी दोन घमेली माती टाकली, धुमस मागितला.

"टिकेल ना?" मी.

"पान्याला इचारू, सर." मग धुमस माझ्या हाती देत : "तुमी सभेत उभे ऱ्हायला, ते लई बरं केलं. न्हाईतर म्या ठसा बघितलाच हुता. बाईच्या बुटाच्या आधी. खालून चढता चढताच."

म्हणजे माझा अपराध त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक होता, आणि मी तो कबूल करण्याची ते वाट पाहत होते. हे तिला माहीत नाही. हे फक्त माझे. बऱ्याच दिवसांनी काहीतरी फक्त माझे.

तरीही तिचा बांध सरळ आहे. दोरी लावून पाहिली. सरळच आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

देहत्याग जमला नाही. दाढ जिंकली. काल दवाखान्यात गेलो. "आ करा, सर." केला. बोरदऱ्याच्या पंक्तीत अखेर मीही.

मुळापासून काम आहे. आणखी फेऱ्या. हात खरोखरच हलका, हे नोंदवणे भाग पडते.

खुर्चीत आडवा असता समोर फडताळ. फडताळात माझ्या थर्मासचे झाकण. त्यात कापसाचे बोळे. तोंडात नळी, आरसा आणि तिची दोन बोटे. मी हुंकार दिला. "दुखतंय? बोलू नका." पुन्हा हुंकार. आणखी सुई टोचली.

सुटलो तेव्हा अर्धा जबडा बधिर. "झाकण" हा शब्द त्या स्थितीत उच्चारता येत नाही. तीनदा प्रयत्न केला. त्यांना वाटले, आभार मानतो आहे. म्हणाल्या, "अहो, त्यात काय, सर."

आज पायी डोंगरावर. बांध कोरडा, अभंग. उन्हाळा जायचा आहे, मग कळेल. थर्मासच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावून नेला होता. पहिल्या वळणालाच पिशवी सुटली, चहा पाठीवर सांडला, उरलेला माथ्यावर पोचेतो गार.