अंतरपाटाच्या कडेला उभं राहून

रविवार, मे १९८६. सकाळच्या बसने ब्रीझे वेर्दिएर गावाला गेले. मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. पाऊस आला नाही. केळीच्या पानावर जेवले, थोडे फोटो काढले, उजेड असतानाच घरी आले.

आई, आज मी तो फोटो पुन्हा काढला. तोच, ज्याच्यापायी तू माझा कॅमेरा पेटीत घालून किल्ली कमरेला खोचलीस.

१९७१ सालचं मैत्रिणीचं लग्न तुला आठवत असेल. बों अक्योय गावात तिच्या अंगणात बांबूचा आणि नारळीच्या झावळ्यांचा मांडव घातला होता. बोटीवर काम करणाऱ्या मामाने आणलेला कॅमेरा माझ्या गळ्यात होता, आणि फोटो काढणारं दुसरं कोणी नव्हतं. आदल्या दिवशी तू बजावलंस, "ऊन पाठीशी ठेव, आणि वडीलधाऱ्यांची डोकी कापू नकोस." मी तसे काढलेही. सगळे ओळीत, हात मांडीवर, हसायला बंदी असल्यासारखे. मग भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. समोरून नुसत्या पाठी दिसत होत्या म्हणून मी अंतरपाटाच्या कडेला गेले आणि तिथेच थांबले. झावळ्यांतलं ऊन पांढऱ्या कापडावर पडत होतं, आणि कापडाचा उजेड दोघांच्या तोंडावर. ती खाली बघून हसू दाबतेय. तो घामाघूम, डोळे कापडावर रोखून उभा. मधे कापडाची एक पांढरी रेघ. मी बटण दाबलं.

सांत्र द फ्लाकच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आले तेव्हा तू चुलीपाशी तव्यावर फराटे भाजत होतीस. हात पुसून एकेक बघत गेलीस, आणि त्या फोटोशी थांबलीस.

"आयो! कापड पडायच्या आधी दोघांना एका चित्रात घातलंस?"

"आई, त्यांनी कुठे एकमेकांना पाहिलं?"

"त्यांनी नाही पाहिलं, तू दाखवलंस. मग भटजी मुहूर्त बघतो कशाला? जरा थांबली असतीस तर बोट झडलं असतं का गो?"

जाळून टाक म्हणालीस. मी तो मैत्रिणीला नेऊन दिला. पुढच्या वर्षी तिचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. तू काही बोलली नाहीस. कॅमेरा उचललास, पेटीत ठेवलास आणि कुलूप लावलंस. बोलली असतीस तर मी भांडले असते. किल्ली मला मिळाली ती तू गेल्यावर.

आता भांडते. बाळाचं काय झालं ते दाईलाही कळलं नाही, मग तुला कसं कळलं? पुढे तिला दोन मुलगे झाले, धडधाकट, शेजाऱ्यांचे आंबे पाडणारे. त्यांचं श्रेय त्या फोटोला कोणी दिलं नाही. फोटो अजून तिच्या भिंतीवर आहे. बाळ गेलं तेव्हाही तिने तो उतरवला नव्हता. मी एकदा घाबरत विचारलं, तर म्हणाली, "त्या दिवशी मी कशी होते, ते दुसऱ्या कुठल्या फोटोत दिसतं सांग."

आज त्यांनी फ्लॅशवाला फोटोग्राफर बोलावला होता. माझा कॅमेरा पिशवीतच होता. अंतरपाट धरला तसं मैत्रिणीने मला कोपराने ढकललं. "जा, कडेला उभी राहा. माझा काढलास तसा हिचा काढ."

मी कॅमेरा बाहेर काढला आणि तिच्या मावशीने पाहिलं. "परत तेच? हिचंही वाटोळं करायचंय का गो तुला?"

लोक वळून बघायला लागले. माझे कान तापले. तू असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस, एवढ्याच मोठ्याने. कोवळी पोरगी पाटावर उभी होती. तिला उद्या काही झालं तर बोट माझ्याकडेच येणार होतं.

मैत्रीण म्हणाली, "लेस ली मावशी, राहू दे तिला. बाळ माझं गेलं, तुझं नाही. तू अक्षता टाक."

मावशीने अक्षतांसाठी हात पुढे केला. मी बटण दाबलं. नवरी हसू दाबत नव्हती, सरळ हसत होती. फोटो चांगला येणार, मला माहीत आहे. तुझा मुहूर्त मला कळत नाही आई, पण तो उजेड मला कळतो, आणि कापड पडल्यावर तो राहत नाही. तेव्हा सगळे पुढे घुसतात आणि पुन्हा नुसत्या पाठी दिसतात. यापुढेही मी कडेलाच उभी राहणार. तुला पटो, न पटो.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. बटण दाबण्याआधी मुठीतल्या थोड्या अक्षता मी कॅमेऱ्यावर टाकल्या. कोणी पाहिलं नाही. आता स्वयंपाकघरात एकटी बसलेय, चहा निवतोय, आणि केसांतल्या पिनेने भिंगाच्या कडेत अडकलेला पिवळा दाणा काढतेय.