मापट्यावर पेललेलं छप्पर

बाई, काल लाकडी छप्पर उभं राहिलं. एकही खिळा नाही, बोल्ट नाही, आणि आत लपवलेलं स्टील तर नाहीच नाही! कॉलेजात सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे, मी एकटी बाई म्हणायचे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तोंडात तेच येतं. शारजातल्या एका नव्या वाचनालयाचं अंगण आहे हे. आमचे साहेब, म्हणजे मुख्य आर्किटेक्ट, डेन्मार्कचे. ते सांगतात, त्यांच्या गुरूंनी चिनी देवळांची छपरं बघून बघून तिकडच्या नव्या इमारती हलक्या केल्या: भार खांबांनी घ्यायचा, भिंत नुसता पडदा. मी मान डोलावते, जसं काही हे पहिल्यांदाच ऐकतेय.

मला तुमचं स्वयंपाकघर दिसतं. मी मॉडेल दाखवायला आलेय, तुम्ही भाताला तांदूळ काढताय. चिनी देवळाच्या खांबावर एकात एक अडकवलेले लाकडी हात असतात, दौगोंग, ते मी डिंकाने छान चिकटवून आणलेत. तुम्ही हलवून पाहिलंत आणि भडकलात. "चिकटवलंस? वजन आलं की लाकडानं जरा सरकून बसायला नको?" मग मापटं रिकामं करून माझ्यापुढे ठेवलंत. दौ म्हणजे हेच. खांबावर मापटं, मापट्यात आडवा हात, हाताच्या टोकांवर पुन्हा मापटी, असं करत करत छप्पर पेलायचं. "आणि खाचेत थोडी जागा ठेव," म्हणालात. ओट्यावर सांडलेले तांदूळ मात्र मलाच वेचायला लावलेत.

इथल्या दौगोंगच्या खाचांत तीच जागा राहिली नाही आणि सगळं हातचं जायची वेळ आली. दुबईतल्या जबल अलीच्या एसी वर्कशॉपमध्ये सांधे इतके गच्च बसवले की आम्ही सगळे खूश. नमुना साइटवर आला, दमट हवा लागली, लाकूड फुगलं आणि एक हात चिरला. "खलास," कॉन्ट्रॅक्टरचा इंजिनिअर म्हणाला. "अंदर स्टील डालो मॅडम, ये ऊपर से चिपका देंगे. किसको दिखेगा?" चिकटवणार! बाई, माझं डोकंच फिरलं. मी साहेबांकडून एकच संधी मागून घेतली: लाकूड साइटच्या हवेत मुरवायचं, खाचा ढिल्या ठेवायच्या, चाचणी सगळ्यांसमोर. हरले तर स्टील.

फोरमनचाचा रायगडचे. "यल्ला, गोण्या चढवा! मॅडम, तुम्ही जरा लांब उभ्या राहा," ते म्हणाले. नव्या नमुन्यावर वाळूच्या गोण्या चढत गेल्या. लाकूड कुरकुरलं, इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक सांधा वजनाखाली सरकला, बसला, आवळला गेला. गोण्या संपल्या, एकही सांधा हलेना. "बसला!" चाचा ओरडले. मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. साहेब हसून एवढंच म्हणाले, "नो स्टील." मी जिंकले, बाई, आणि मला त्याचा भरपूर गर्व आहे.

काल माझी मुलगी त्या छपराखाली मान वर करून उभी होती. "मम्मा, व्हेअर इज द ग्लू?" तिने विचारलं. तुम्ही हव्या होतात तेव्हा.

तुम्हाला आता पत्ता नाही, तेव्हा हे पत्र माझ्यापाशीच राहील. एक मात्र सांगून टाकते. वरचा शेवटचा हात बसवण्याआधी मी शिडी चढले आणि मापट्याच्या खाचेत चिमूटभर तांदूळ टाकले. ड्रॉइंगमध्ये ते नाहीत, साहेबांना ठाऊक नाही. जागा होती, बाई. मी ठेवली होती.